रुग्णालय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना या चुका टाळा

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, आणि रेल्वे जंक्शनमुळे दक्षिण महाराष्ट्रासोबतच उत्तर कर्नाटकातील रुग्णही या गावाची वाट धरू लागले. 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात कराडला 1984 मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना रुग्णालयांच्या पाट्या संपत नाहीत. त्यामुळे बी.कॉम., बी.फार्म., बी.एस्सी. नर्सिंग, बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. झालेल्या येथील मुलामुलींना रुग्णालय व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. हे क्षेत्र चांगले आहे आणि त्याला शहाण्या, कष्टाळू माणसांची खरी गरज आहे. परंतु या शिक्षणात दोन वर्षे आणि घरचे बरेच पैसे जातात, आणि त्यांचे चीज होणार की नाही हे पुष्कळदा वर्ग सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते.

काम न पाहता प्रवेश घेणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. व्यवस्थापक म्हणजे वातानुकूलित खोलीत बसून अहवाल पाहणारा अधिकारी, असे चित्र मनात धरून विद्यार्थी येतात. प्रत्यक्षात या कामाचे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर एका रुग्णाचा डिस्चार्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा. सकाळच्या राउंडला डॉक्टर घरी जायला सांगतात. त्यानंतर निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज समरी लिहायची असते, सिस्टरनी उरलेली औषधे मेडिकलला परत करायची असतात, प्रयोगशाळेचे राहिलेले रिपोर्ट आणि त्यांची बिले चढवायची असतात. मग अंतिम बिल तयार होते आणि विमा असेल तर टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडे, मंजुरीसाठी जाते. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली विनंती 1 तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी 3 तासांत निकाली निघाली पाहिजे. परंतु रुग्णालयाकडूनच कागद दुपारी दोनला गेले, तर हा नियम रुग्णाच्या काय कामाचा? अथणीहून आलेले नातेवाईक पिशव्या भरून जिन्यात बसलेले असतात, आणि त्याच खाटेसाठी अपघात विभागात दुसरा रुग्ण थांबलेला असतो. ही साखळी कोठे अडली हे शोधणे आणि कोणाचाही पाणउतारा न करता ती सोडवणे, हे व्यवस्थापकाचे रोजचे काम आहे.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ओळखीच्या तीस-पन्नास खाटांच्या रुग्णालयात परवानगी मागून काही आठवडे चौकशी खिडकी, बिलिंग आणि टीपीए डेस्क येथे बसावे. लहान रुग्णालय मुद्दाम सुचवतो, कारण तेथे एकाच माणसाकडे अनेक कामे असतात आणि सगळे जवळून दिसते. ही धावपळ पाहून उत्साह वाढला तर पुढे जावे. नकोसे वाटले तर तेही वेळेवर कळलेले बरे.

पदव्यांची नावे एकसारखी समजणे

एम.एच.ए. (रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी), रुग्णालय व्यवस्थापनातील एम.बी.ए., पी.जी.डी.एम. (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका), एम.पी.एच. (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) आणि रुग्णालय प्रशासनातील एम.डी. ही सर्व नावे समुपदेशनाच्या जाहिरातीत एकाच ओळीत छापलेली असतात, परंतु त्यांची दारे वेगळी आहेत. एम.डी. फक्त एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी असून तिचा प्रवेश नीट-पीजीतून, तर एम्ससारख्या संस्थांत आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून होतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये हा अभ्यासक्रम आहे. एम.पी.एच.चा रोख सार्वजनिक आरोग्यावर असतो. साथरोग, लसीकरण, जिल्ह्याचे आरोग्य नियोजन यांत ज्याला रस आहे त्याने तिकडे जावे, खाजगी रुग्णालयाच्या कारभारासाठी ती पदवी घेऊ नये. पी.जी.डी.एम. हा पदविका अभ्यासक्रम आहे, त्यामुळे पुढे पीएच.डी. किंवा सरकारी जाहिरातीत पदवीची अट आली तर समकक्षतेचा प्रश्न उभा राहू शकतो. उरलेल्या दोन पदव्यांमध्ये, म्हणजे एम.एच.ए. आणि एम.बी.ए. यांमध्ये, नावापेक्षा संस्थेच्या मागे चालते रुग्णालय आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे, असे माझे ठाम मत आहे.

प्रवेशपरीक्षाही वेगवेगळ्या आहेत. राज्यातील एम.बी.ए.साठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, पुण्याच्या सिम्बायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेसाठी स्नॅप, अशी तयारी आधीपासून ठरवावी लागते. राज्याच्या प्रक्रियेत पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गासाठी 45 टक्के गुण लागतात, हेही आधी तपासावे.

कागदपत्रे आणि मान्यता शेवटच्या आठवड्यावर सोडणे

जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी जून-जुलैमध्ये जिल्हा कार्यालयांत होणारी गर्दी दरवर्षीची आहे. पदवीच्या अंतिम वर्षाला असतानाच अर्ज टाकावा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा पक्की करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला मिळते. कोट्यातील विद्यार्थ्याला ती मिळत नाही.

नोकरी करत दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकणाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहावे. मागील वर्षी मान्यता होती एवढ्यावर विसंबू नये, आणि एजंटने मोबाइलवर पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या छायाचित्रावर तर मुळीच नाही.

आकड्यांना घाबरणे

वैद्यकीय शाखेतून आलेले विद्यार्थी हिशेब वाणिज्यवाल्यांवर सोडतात आणि वाणिज्यवाले रुग्णांचे आकडे डॉक्टरांवर सोडतात. दोघांचेही नुकसान होते, कारण रुग्णालयाची नाडी या दोन्हींच्या मध्ये आहे. एक सोपे उदाहरण घेऊ. 100 खाटांच्या रुग्णालयात 30 दिवसांच्या महिन्यात 3000 खाट-दिवस उपलब्ध असतात. त्यांपैकी 2100 खाट-दिवस रुग्णांनी वापरले, तर खाटांचा वापर 70 टक्के झाला. त्याच महिन्यात 420 रुग्ण घरी गेले असतील, तर सरासरी मुक्काम 5 दिवसांचा ठरतो. आता उपचारात काहीही कमी न करता, केवळ रिपोर्ट आणि डिस्चार्जमधील खोळंबा दूर करून हा मुक्काम साडेचार दिवसांवर आणता आला, तर तेवढ्याच खाट-दिवसांत सुमारे 466 रुग्णांवर उपचार होतील. म्हणजे एक विटही न रचता महिन्याला जवळपास 46 रुग्णांची सोय झाली.

मात्र सरासरी फसवी असते. 70 टक्के वापर दिसत असताना अतिदक्षता विभागात एकही खाट रिकामी नसेल आणि स्पेशल खोल्या ओस पडल्या असतील. म्हणून प्रत्येक आकडा विभागवार मागण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावून घ्यावी. सांख्यिकीत मागे पडलेल्यांनी जाड पुस्तकापासून सुरुवात करण्याऐवजी स्प्रेडशीटवर असे हिशेब रोज एक याप्रमाणे सोडवावेत. महिन्याभरात भीती जाते.

इंटर्नशिप आणि प्रकल्प उरकून टाकणे

पंचवीस प्रश्नांची रुग्णसमाधानाची प्रश्नावली, मागील वर्षीच्या विद्यार्थ्याकडून घेतलेली प्रस्तावना, रंगीत वर्तुळालेख आणि शेवटी ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस, असे प्रकल्प ढिगाने तयार होतात आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला कोसळतात. मला याचे फार वाईट वाटते, कारण इंटर्नशिपचे हेच काही महिने असे असतात की रुग्णालयातील कोणत्याही दारातून आत जाऊन ‘हे असे का?’ असे विचारण्याची मुभा असते. नोकरी लागल्यावर ती मुभा राहत नाही.

विषय छोटा आणि मोजता येण्याजोगा घ्यावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण रुग्णालयाचे पैसे पूर्वपरवानगी आणि नंतरच्या दाव्यात निघणाऱ्या क्वेरींमध्ये, म्हणजे शंका-त्रुटींमध्ये, अडकतात. तीन महिन्यांतील परत आलेले दावे घेऊन त्यांची कारणे वेगळी करावीत. फोटो नव्हता, रिपोर्ट जोडला नव्हता की कागदपत्रांवरील नाव जुळत नव्हते? आरोग्यमित्रांशी, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधींशी, बोलल्यावर यातले निम्मे कोडे तेथेच उलगडते. औषधभांडारात महाग आणि अत्यावश्यक औषधांची वर्गवारी लावून मुदत संपून वाया जाणारा माल मोजता येतो. डिस्चार्जच्या प्रत्येक टप्प्यावर घड्याळ लावता येते. रुग्णांची नावे आणि नोंदणी क्रमांक मात्र काढून टाकावेत, आणि माहिती घेण्यापूर्वी लेखी परवानगी असावी.

इंटर्नशिपमध्ये नुसते फायली लावायला बसवले आहे, अशी तक्रार अनेकांची असते आणि ती पुष्कळदा खरीही असते. अशा वेळी रुसून बसण्यापेक्षा मेडिकल रेकॉर्ड विभागातच राहून अपूर्ण केसपेपर मोजावेत. कोणत्या पानावर सही नाही, संमतीपत्र कोठे कोरे आहे, वेळ कोठे लिहिलेली नाही, याची आठवड्याची नोंद करून मेट्रन किंवा वैद्यकीय अधीक्षकांपुढे ठेवावी. एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनाची तयारी करणाऱ्या रुग्णालयाला हीच नोंद हवी असते, आणि ती ठेवणाऱ्याला पुढचे काम आपोआप मिळते.

कायदा परीक्षेपुरता पाठ करणे

अनेक अखिल भारतीय टिपणांत 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा विस्ताराने दिलेला असतो, परंतु महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. येथील खाजगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. सांगलीत काम करणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर पहिल्याच तपासणीत त्याची अडचण होते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे रंग उत्तरपत्रिकेत सर्वांना येतात. रात्रपाळीत वापरलेली सुई खरोखर पांढऱ्या डब्यात जाते का, हे मात्र वॉर्डात उभे राहूनच कळते.

9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली. मिरज तालुक्यातील म्हैसाळला 2017 मध्ये बेकायदा गर्भपात करून पुरलेले भ्रूण सापडले, तेही आपल्या सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. अग्निसुरक्षेची तपासणी किंवा गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी भरावा लागणारा सोनोग्राफीचा एफ फॉर्म यांच्या मागे अशी माणसे आहेत, हे शिकवताना आणि शिकताना विसरले जाऊ नये.

वॉर्डातील माणसांपासून दूर राहणे

पदवीच्या जोरावर सिस्टरना, मावशींना आणि मामांना सूचना देऊ पाहणारा नवखा व्यवस्थापक फार काळ टिकत नाही. कोणत्या वॉर्डात ऑक्सिजनचा पॉइंट गळतो आणि कोणता लिफ्टमन दुपारी सापडत नाही, ही माहिती त्यांच्याकडेच असते. मिरजेत काम करायचे असेल तर थोडे कन्नड जरूर शिकावे. काउंटरवर आपल्या भाषेतील दोन वाक्ये ऐकून घाबरलेला नातेवाईक शांत होतो.

पहिली नोकरी बहुधा बिलिंग, टीपीए किंवा गुणवत्ता विभागात एक्झिक्युटिव्ह म्हणून मिळते आणि पदवीच्या मानाने ती लहान वाटते. केवळ पदनामासाठी ती नाकारू नये. मुलाखतीत खाटा किती आहेत, आपण कोणाच्या हाताखाली काम करणार, रात्रपाळी असेल का आणि वर्षभरात दुसऱ्या विभागात पाठवतील का, हे चार प्रश्न जरूर विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर थोडा कमी पगारही स्वीकारण्याजोगा आहे.