बॅन्फचा पहिला हिवाळा: स्की येत नाही म्हणून खोलीत बसू नका

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की बॅन्फमधल्या (कॅनडातल्या अल्बर्टाचं डोंगरातलं गाव) आम्हा मराठी लोकांच्या ग्रुपवर तेच रडगाणं. "ताई, इथे स्की येत नसेल तर हिवाळाभर करायचं काय?" मग कोणीतरी स्की लिफ्टच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट टाकतं, एका दिवसाचे शंभराच्या वर डॉलर बघून सगळे हाय खातात, आणि पोरं स्टाफ अकॉमोडेशनच्या खोलीत जी शिरतात ती थेट मे महिन्यात बाहेर. मी हसत नाहीये हं, मी पण तेच केलेलं. साताऱ्याहून इथे हॉटेलात हाउसकीपिंगला आले त्याला आता बारा वर्षं होतील. पहिले काही महिने शिफ्ट, खोली, आईला व्हिडिओ कॉल, थोडं रडणं, झोप. आणि शेवटी एकदाची बाहेर पडले ती मनगट मोडून घेऊनच परत आले.

तर आधी तेच सांगते, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

जानेवारी होता, सुट्टीचा दिवस, कामावरच्या दोघी म्हणाल्या जॉन्स्टन कॅन्यनला चल, गोठलेले धबधबे बघू, रस्ता एकदम ईझी आहे. (इथले लोक ईझी म्हणाले की आपण मीडियम समजायचं, मीडियम म्हणाले की घरी थांबायचं. ही माणसं दोन वर्षांची असल्यापासून बर्फावर चालतायत.) माझ्या पायात साताऱ्यात घेतलेले स्पोर्ट्स शूज, ग्रिप नवी कोरी. त्या दोघींनी गाडीतून उतरल्यावर बुटांवर रबराचं काहीतरी चढवलं, खाली साखळी आणि काटे. मायक्रोस्पाइक्स म्हणतात त्याला. मला वाटलं नवशिके लोक लावत असतील, आपण तर अजिंक्यतारा चपलेवर चढलेलो. खालच्या धबधब्यापर्यंत साधारण सव्वा किलोमीटर, जाताना चढ असल्यामुळे काही कळलंच नाही. येताना उतार. दिवसभर शेकडो लोकांच्या पायाखाली दाबून दाबून तिथला बर्फ बर्फ राहत नाही, काच होते. पाय कधी गेला समजलंच नाही, उजवा हात खाली टेकला आणि कट असा आवाज आला.

सहा आठवडे प्लास्टर. एका हाताने हॉटेलचा बेड लागत नाही, आणि तासावर पगार असला की काम नाही म्हणजे पैसे नाहीत. त्यात माझं अल्बर्टाचं हेल्थ कार्डच काढलेलं नव्हतं! सप्टेंबरमध्ये आलेले, तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, मी म्हटलं करू सावकाश, मला काय होतंय. बिल आलं तेव्हा हाताचं दुखणं विसरले. सत्तर डॉलरचे स्पाइक्स वाचवायला गेले आणि दोन महिन्यांचा पगार घालवून बसले. म्हणून सांगते, पहिल्या पगारात स्पाइक्स. जॅकेट नंतर, फोन नंतर, घरी पैसे पाठवणं पण एक आठवडा नंतर, आई समजून घेईल. आणि कार्डाचा अर्ज उतरल्या उतरल्या. कार्ड असलं तरी अँब्युलन्सचं बिल वेगळं येतं, ते त्यात बसत नाही, हे पण डोक्यात ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. कॉटन नको. जीन्स तर नकोच. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम अंगावर गार पडतो. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट, बास. मोज्यांचे दोन जोड कोंबू नका, बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स, म्हणजे चारही बोटं एकत्र राहतात ते मोजे, ऊबदार. हे सगळं नवीन घ्यायची गरज नाही, सीझन संपला की परत जाणारी पोरं अर्ध्या किमतीत विकून जातात, सेकंडहँड दुकानं पण आहेत. तापमान बघताना नुसता आकडा बघू नका, विंड चिल बघा. उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. पोरं फोटोसाठी कानटोपी काढतात आणि मग कानाची पाळी पांढरी पडली की मला फोन करतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते.

आता जायचं कुठे.

सुरुवात टनेल माउंटनपासून करा. गावातून चालत जाता येतं, एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आत, चढ साधारण २६० मीटर, शिफ्ट संपल्यावरही जमतं. फक्त डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे हेडलॅम्प घ्या. गंमत म्हणजे या डोंगरात टनेल नाहीये. रेल्वेवाल्यांनी आखलेला, मग नदीच्या बाजूने सोपी वाट सापडली आणि बोगदा राहिला कागदावर, नाव मात्र चिकटलं. वर गेलात की सगळं गाव पायाखाली, समोर रंडल डोंगर, आणि आपण ज्या हॉटेलात दिवसाला पंधरा-पंधरा खोल्या साफ करतो ते काडेपेटीएवढं दिसतं. मला पहिल्यांदा वर पोचल्यावर फार बरं वाटलेलं. हात बरा झाल्यानंतरची गोष्ट आहे ही, स्पाइक्स घालून.

सल्फर माउंटनला गंडोला (रोपवे) आहे, आठ मिनिटांत वर, पण पायवाट पण आहे, साडेपाच किलोमीटर आणि ६५५ मीटर चढ. टनेल चार-पाच वेळा झाल्यावर जा, आधी नको.

त्याच सल्फरच्या पायथ्याशी अप्पर हॉट स्प्रिंग्ज, गरम पाण्याचं कुंड. हे आपल्या लोकांना इतकं आवडेल आणि आपलेच लोक इतके लाजतात! स्विमिंग कॉस्च्यूम घालायचा म्हणून अर्ध्या मुली जात नाहीत. अगं बायांनो, कोणी बघत नाही, वाफेत शेजारचं माणूस दिसत नाही. पाणी ३७ ते ४० डिग्री, बाहेर उणे वीस, केस ओले करून दोन मिनिटं वर धरले की कडक होऊन उभे राहतात. गंधकाचा वास येतो, वज्रेश्वरीला गेला असाल तर ओळखीचाच वाटेल. संध्याकाळी उशिरा जा, गर्दी कमी असते. बाहेर येताना ओल्या पायांनी चप्पल घाला, अनवाणी पळायचा शहाणपणा नको. मूळ झरा बघायचा असेल तर केव्ह अँड बेसिन, त्या गुहेतल्या पाण्यापायीच १८८५ मध्ये इथे जमीन राखून ठेवली आणि पुढे कॅनडातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. तिथे पाण्यात हात घालायचा नाही, बॅन्फ स्प्रिंग्ज नावाची एक इवलीशी गोगलगाय आहे, ती फक्त या सल्फर माउंटनच्या झऱ्यांतच जगते.

स्केटिंग. याबद्दल मी बोलू लागले की थांबत नाही. पडायची भीती वाटते ना, मला मनगट मोडल्यावर किती वाटली असेल विचार करा. पण स्केट्स घातल्यावर निदान घसरायचंच आहे हे माहीत असतं. पहिल्यांदा गावातल्या रिंकवर जा, हेल्मेट घाला, गुडघे वाकवा, आणि लहान मुलं जी खुर्चीसारखी फ्रेम ढकलत शिकतात ती बिनधास्त मागा. पन्नाशीतल्या आजोबांनी मला सांगितलेलं, पडायचं तर बाजूला पड, हात मुठी करून छातीशी घे. चार रविवार लागतात, पाचव्या रविवारी लेक लुईसला जा. तळ्यावरच रिंक साफ केलेला असतो, समोर व्हिक्टोरिया ग्लेशियर, जानेवारीत बर्फाची शिल्पं बनवायची स्पर्धा पण असते. रोम (Roam) नावाची इथली सार्वजनिक बस जाते, गाडी लागत नाही.

पण साफ केलेला रिंक वेगळा आणि नुसतं गोठलेलं तळं वेगळं. नोव्हेंबर-डिसेंबरात व्हर्मिलियन लेक्सवर काचेसारखा बर्फ होतो, आत बुडबुडे अडकलेले दिसतात, रील बघून सगळे धावतात. पार्कवाले त्या बर्फाची जाडी तपासत नाहीत, तुमची जबाबदारी तुमची. एकट्याने चालायला किंवा स्केट करायला निदान १५ सेंटिमीटर, घोळका असेल तर २०. जिथे ओढा येऊन मिळतो किंवा खालून झरा आहे तिथे शेजारी वीस सेंटिमीटर आणि त्या जागी चार असं पण असतं. त्यावर आधीच दहा जण उभे आहेत म्हणजे बर्फ जाड आहे असं नसतं, त्या दहांनी पण मोजलेला नसतो.

क्रॉस कंट्री स्की हा वेगळा प्रकार आहे, डाउनहिलशी घोळ घालू नका. टाच मोकळी, पट्ट्या बारीक, लिफ्टचं तिकीट नाही, भाड्याचं सामान बरंच स्वस्त. सपाटीवर दोन-तीन तासांत जमायला लागतं, दुसऱ्या दिवशी कुठले कुठले स्नायू दुखतात ते मात्र विचारू नका. शेजारच्या कॅनमोर गावचं नॉर्डिक सेंटर १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकसाठी बांधलेलं, तिथे एकदा शिकवणी लावा. हिवाळ्यात मोरेन लेकचा रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यावर पण ट्रॅक काढतात. आणि एक हात जोडून विनंती, त्या ट्रॅकवरून चालत जाऊ नका. मशीनने दोन रेघा काढलेल्या असतात, आपली मंडळी सहकुटुंब सहपरिवार त्यावरून फोटो काढत चालतात, पायांचे खड्डे रात्रीत गोठतात आणि मागून येणारा तोंडावर आपटतो. कोणी ओरडलं की "रेसिस्ट आहेत" म्हणून ग्रुपवर येऊन लिहायचं. कधीकधी असतात पण रेसिस्ट, नाही म्हणत नाही मी, पण त्या दिवशी चूक आपली होती.

स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद पट्ट्या, सोपे, चालता येतं त्याला येतात. मऊ खोल बर्फ असेल तरच घ्या, तुडवलेल्या वाटेवर स्पाइक्सच बरे. (परत स्पाइक्स. हो.) इथे धोका वेगळाच आहे, अ‍ॅव्हलांच. उन्हाळ्यात बिनघोर गेलेली वाट हिवाळ्यात हिमस्खलनाच्या पट्ट्यातून जात असू शकते, आणि बघून कळत नाही, उलट झाडं नसलेला छान मोकळा उतार दिसतो. झाडं का नाहीत हा प्रश्न विचारायचा. लेक अ‍ॅग्नेसची टी हाउसची वाट त्यातलीच, हिवाळ्यात तिकडे नको. लेक लुईसच्या काठाने चालताना पलीकडच्या टोकाजवळ पाटी आहे, तिथून मागे फिरायचं. अ‍ॅव्हलांच कॅनडाच्या साइटवरचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन रोज बघा, आणि ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), फावडं हे तीन काय असतात आणि कसे वापरायचे याचा कोर्स केलेला नसेल तर पार्कच्या ऑफिसात विचारून सांगतील तेवढ्याच वाटा धरा.

कुत्र्यांची गाडी महाग आहे, आईवडील आले की एकदा करा. घोड्यांची स्ले (बर्फावरची गाडी) लेक लुईसला, ती पण तेव्हाच. ट्यूबिंग नॉर्क्वे स्की रिसॉर्टला, टायरमध्ये बसून घसरायचं, लहान मुलं असतील तर दिवस वसूल. गावात एल्क (मोठी हरणं) फिरतात, ३० मीटर लांब राहायचं, सेल्फी नको.

कॅल्गरीहून गाडीने येणाऱ्यांसाठी दोन ओळी. ऑल सीझन टायर नावालाच ऑल सीझन, सात डिग्रीच्या खाली रबर कडक होतं. आइसफील्ड्स पार्कवेला (लेक लुईसहून जॅस्परला जाणारा रस्ता) १ नोव्हेंबर ते १ एप्रिल विंटर टायर कायद्यानेच लागतात, त्या रस्त्यावर बराच वेळ फोनला रेंज नसते, टाकी भरून जा.

राहिला प्रश्न एकटं कोणी जात नाही याचा. आपल्या लोकांचं रविवारी एकच, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पंधरा जण, मिसळ, आणि इथे किती थंडी, इथले लोक किती कोरडे. मिसळ मलाही हवी. पण साडेचारला सूर्य मावळतो त्याआधी दोन तास बाहेर जाऊन या ना, मिसळ तेव्हा जास्त लागते. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला लायब्ररीच्या बाहेर असते, थर्मासमध्ये आल्याचा चहा, टनेलला जाऊन यायचं. जास्तीचे स्पाइक्सचे दोन जोड आहेत माझ्याकडे, मापं ७ आणि ९. ग्रुपवर आदल्या रात्री कळवा.