छोट्या लॅपटॉपवर जुना गेम खेळताय? या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून बारा-चौदा इंची सेकंडहँड लॅपटॉप आणला की पोरं आधी त्यात जुने गेम टाकतात. गेम सुरू होतो, पण चित्र पसरट, अक्षरं धूसर आणि खालची बटणं गायब. मग दुकानदाराला फोन: ‘ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय का?’ 1999 सालच्या गेमला आजचं कुठलंही साधं कार्ड पुरून उरतं. घोळ असतो स्क्रीनच्या मापाचा.

रिझोल्यूशन (चित्राचं पिक्सेलमधलं माप, रुंदी×उंची) निवडताना बहुतेक जण रुंदी बघतात. बघायची असते उंची. एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये 800×600, 1024×768 आणि 1280×1024 असे पर्याय होते. तुमचा लॅपटॉप 1366×768 चा असेल तर 1280 बसेल असं वाटतं खरं, पण 1024 ओळी 768 मध्ये कोंबणार कशा? 1024×768 घ्या. उंची तंतोतंत बसते आणि दोन्ही बाजूंना 171 पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती खुशाल राहू द्या. पट्टी घालवायला चित्र ताणलं, की ‘जीटीए व्हाइस सिटी’ या गाड्यांच्या गेममधला कोपऱ्यातला गोल नकाशा अंड्यासारखा होतो आणि गाड्या बुटक्या दिसतात. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘मेंटेन आस्पेक्ट रेशो’ (रुंदी-उंचीचं प्रमाण तसंच ठेवा) निवडा. पर्याय दिसतच नसेल तर आधी डेस्कटॉपचं रिझोल्यूशन कमी करा, मग बहुधा दिसतो.

फुल एचडी (1920×1080) स्क्रीन असेल तर दुखणं वेगळं. तेरा-चौदा इंचांवर अक्षरं बारीक दिसू नयेत म्हणून विंडोज बऱ्याचदा 150 टक्के स्केलिंग लावून ठेवतं, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवतं. जुन्या गेमला त्याचा पत्ताच नसतो. विंडोमध्ये उघडलेला 1024×768 चा गेम फुगून 1536×1152 होतो आणि 1080 च्या स्क्रीनखाली त्याची बटणं जातात. गेमच्या ईएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ओव्हरराइडवर टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. माउस भलतीकडेच क्लिक होत असेल तर तोही बऱ्याचदा यानेच सुधारतो.

त्याच कम्पॅटिबिलिटी टॅबमधल्या सगळ्या चौकटींवर एकदम टिक मारू नका. एकेक लावून बघा, नाहीतर कशाने बिघडलं ते कळणारच नाही. गवत जांभळं दिसू लागलं तर ‘रिड्यूस्ड कलर मोड’मध्ये 8-बिट करून बघा, कारण त्या काळचे बरेच गेम 256 रंगांवर चालायचे.

जुनी सीडी मुळात चालतच नसेल तर स्क्रीनला दोष देऊ नका. सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण विंडोज 10 पासून बंद आहे, आणि 16-बिट इन्स्टॉलर 64-बिट विंडोजवर उघडत नाही. अशा वेळी कुठून तरी क्रॅक (संरक्षण तोडलेली फाइल) उतरवण्याचा उद्योग नको; व्हायरस फुकट येतो. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर तोच गेम असेल तर सेलमध्ये विकत घ्या, सीडीची कटकटच नाही. आणि इन्स्टॉल प्रोग्राम फाइल्समध्ये करू नका, सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असं साधं फोल्डर करा. प्रोग्राम फाइल्समध्ये जुन्या गेमना लिहायची परवानगी मिळत नाही, आणि सेव्ह केलेला गेम भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतो.