एकच मॅथ्यूसन घ्यायचा असेल, तर या चुका टाळा

न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, ख्रिस्टी मॅथ्यूसन याने १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे वार्षिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत, सहा दिवसांत तीन सामने पूर्ण टाकले आणि २७ इनिंग्जमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही. कारकिर्दीत त्याच्या नावावर ३७३ विजय आहेत. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीसाठी जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत हयात नसलेला तो एकटाच होता. क्षयाने तो १९२५ सालीच गेला होता. अशा खेळाडूचे, तो खेळत असतानाच्या काळात छापलेले एक चित्राचे कार्ड आपल्याकडे असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र संपूर्ण संच जमवणाऱ्याची एखादी चूक पुढच्या खरेदीत भरून निघते, तशी सवलत एकच कार्ड घेणाऱ्याला मिळत नाही.

पहिली चूक बाजारात उतरण्यापूर्वीच होते, ती म्हणजे ‘मॅथ्यूसनचे कार्ड’ एवढेच ठरवून शोध सुरू करणे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या आणि संग्राहक ज्याला टी-२०६ म्हणतात त्या संचातच त्याची तीन वेगवेगळी चित्रे आहेत: एक चेहऱ्याचे, एक पांढऱ्या टोपीतले आणि एक गडद टोपीतले. चेहऱ्याच्या चित्राला सहसा अधिक भाव पडतो. १९११ च्या टी-२०५ संचाला सोनेरी कडा आहेत. दिसायला त्या देखण्या असल्या तरी तो सोनेरी रंग फार लवकर उडतो, त्यामुळे नीटस प्रत मिळणे कठीण जाते. क्रॅकर जॅक या गोड लाह्यांच्या डब्यातून आलेली कार्डे त्यानंतरची आहेत, आणि तिथे १९१४ व १९१५ यांची गल्लत करणे महागात पडते. १९१४ चे मॅथ्यूसनचे कार्ड आडवे असून त्यात तो चेंडू टाकताना दिसतो, तर १९१५ चे कार्ड उभे असून त्यात त्याचा चेहरा आहे; शिवाय १९१५ च्या कार्डांचा मागचा मजकूर पुढच्या चित्राच्या तुलनेत उलटा छापलेला आहे. १९१४ ची कार्डे केवळ डब्यातूनच मिळत असल्याने त्यांच्यावर पाकाचे डाग आढळतात. डाग पाहून नाक मुरडणाऱ्याने १९१५ कडे वळावे हे बरे.

सर्वांत मोठी चूक मात्र माझ्या मते श्रेणीचा आकडा विकत घेण्याची आहे. प्रमाणन करणाऱ्या कंपन्या कार्ड तपासून, त्याला एक ते दहा यांमधील श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या कठीण आवरणात बंद करतात. पण दोनची श्रेणी मिळालेली दोन कार्डे शेजारी ठेवली, तर एकाचे चित्र मधोमध, रंग ताजे आणि दोष केवळ पाठीवर चिकटवहीतून काढताना निघालेल्या कागदाच्या पापुद्र्यापुरता, तर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरूनच घडी गेलेली, असे सहज घडते. शंभर वर्षे ओलांडलेल्या, मुलांच्या खिशांतून फिरलेल्या पुठ्ठ्यात दोष असणारच. प्रश्न आपल्याला कोणता दोष चालेल एवढाच आहे. कोपरे गोल झालेले मला चालतात, समास थोडा इकडेतिकडे असलेलाही चालतो, पण चित्राचा रंग उतरलेला चालत नाही. असे आपले स्वतःचे मत खरेदीपूर्वी कागदावर लिहून ठेवले, तर लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत हात आवरता येतो.

पाठीकडे न पाहण्याची चूकही याच जातीची आहे. टी-२०६ च्या मागच्या बाजूला सिगारेटच्या छापाची जाहिरात असते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल हे छाप विपुल आहेत. ड्रम, उझिट किंवा ब्रॉड लीफ यांसारखे दुर्मीळ छाप असतील, तर तेच चित्र कितीतरी पट महाग होते. ज्याला केवळ मॅथ्यूसन हवा आहे त्याने त्या दुर्मिळतेचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता खरेखोटेपणाविषयी. या कार्डांच्या पुनर्मुद्रित प्रती अनेक निघाल्या आहेत आणि त्यांतल्या काही चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे घासून ‘आजोबांच्या माळ्यावर सापडल्या’ या कहाणीसह विकल्या जातात. भिंगाखाली ठिपके दिसले की कार्ड नकली, असा एक सोपा नियम सांगितला जातो, पण तो अपुरा आहे, कारण मूळ शिळाछापातही ठिपके आहेत. फरक त्यांच्या रचनेत आहे: आधुनिक छपाईत ते जाळीसारखे नियमित असतात आणि अक्षरेही पुष्कळदा त्या ठिपक्यांतूनच बनलेली दिसतात, तर मूळ टी-२०६ कार्डावरील नाव व संघ तपकिरी शाईने सलग छापलेले असतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर संशय घ्यावा, कारण कागद उजळवणारी ती रसायने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली आहेत. न चमकणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे. या सर्वांहून उपयोगी उपाय म्हणजे त्याच संचातील एखाद्या अप्रसिद्ध खेळाडूचे झिजलेले, स्वस्त पण खात्रीचे कार्ड आधी घेणे. जाडी, शाईचा रंग आणि पुठ्ठ्याचा स्पर्श ताडून पाहण्यासाठी त्यासारखे दुसरे साधन नाही.

मोजमाप घेतानाही घाई करू नये. टी-२०६ चा आकार साधारण ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर आहे, तरी कारखान्यातील कापणी काटेकोर नव्हती आणि अमेरिकन ब्यूटी छापाची कार्डे मुळातच अरुंद आहेत. उलट, झिजलेल्या कोपऱ्यांशी विसंगत अशी एखादी कड धारदार व ताजी दिसली, तर ती नंतर कातरलेली असण्याची शक्यता मोठी. केवळ आवरणावर विसंबणेही बरोबर नाही: त्याच काळातील खेळाडू होनस वॅग्नर याचे सर्वांत प्रसिद्ध टी-२०६ कार्ड आठची श्रेणी मिरवत असताना, ते आपणच कातरले होते अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. आवरणावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासावा आणि तिथे छायाचित्र असल्यास घड्या व डाग जागच्या जागी आहेत का ते पाहावे, कारण आवरणेही बनावट निघतात.

घेतलेल्या कार्डाबद्दल शंका आली, तर ते पुसणे, दाबून घडी काढणे किंवा आवरण फोडणे यांपैकी काहीही करू नये; परत करण्याची मुदत चालू असतानाच दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढून विक्रेत्याला लेखी कळवावे. कार्ड मुंबईत किंवा कोकणात ठेवायचे असेल, तर ही आवरणे हवाबंद नसतात हे लक्षात घ्यावे. पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवावे, आणि पुड्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात.