कथाकथन करताय? या चुका टाळा

कथाकथनाला नव्याने उभं राहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कथा पाठ व्हायला किती दिवस लागतील?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: पाठ करूच नका. ते कुणाला आवडत नाही. घोकलं की मेहनत केल्याचं समाधान तरी मिळतं ना!

एका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. एक मुलगा भुताची गोष्ट घेऊन आला. आवाज खणखणीत, उच्चार चोख. नायक रात्री वाड्यामागून निघून विहिरीपाशी पोचला, रहाटाचा दोर आपोआप हलायला लागला, सभागृह चिडीचूप. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल वाजला. पोरगा थबकला. "अमावास्येची रात्र होती..." करत परिच्छेदाच्या सुरुवातीला गेला आणि दोरापाशी येऊन पुन्हा अडकला. परत अमावास्या. तिसऱ्या अमावास्येला हशा पिकला. भुताच्या गोष्टीत असा हशा पिकला की पुढे काही उरत नाही.

नंतर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, दोर हलला तेव्हा वाडा त्याच्या डाव्या हाताला होता की उजव्या?" तो गोंधळला. "तसं कथेत दिलेलं नाहीये, सर." दुखणं नेमकं इथेच होतं. त्याला विहीर दिसतच नव्हती. दिसत होतं ते छापील पान, आणि मोबाइल वाजल्याबरोबर ते मिटलं.

मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड हे अभ्यासक १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात तोंडी परंपरेतली वीरकाव्यं ध्वनिमुद्रित करत फिरले. तिथे अवदो मेजेदोविच नावाचा एक निरक्षर गायक त्यांना भेटला. त्याने पूर्वी कधीच न ऐकलेलं काव्य दुसऱ्या गायकाने त्याच्यासमोर म्हटलं आणि पॅरीने लगेच त्याला तेच म्हणायला सांगितलं. ऐकलेलं काव्य २,२९४ ओळींचं होतं, अवदोचं झालं ६,३१३ ओळींचं! कथानक तेच, पण वर्णनं आणि पात्रांच्या मनातली घालमेल त्याने जागच्या जागी भरली. गंमत अशी की त्या परंपरेतले गायक आपण शब्दन् शब्द तसाच म्हणतो असं छातीठोकपणे सांगायचे, आणि ध्वनिमुद्रणं निराळीच निघायची.

यावर कुणीतरी हटकून वेदांचा दाखला देतं. पदपाठ, जटापाठ, घनपाठ या वेद म्हणायच्या पद्धती, ही सगळी यंत्रणा एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून उभी राहिली. तिथे शब्द आणि स्वर हेच जपायचे होते. तुम्हाला गोष्ट सांगायचीय.

मी स्वतः आधी जागेचा कच्चा नकाशा काढतो. दार कुठे, खिडकी कुठे, कोण कुठून येतं. पाठ करतो ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. मधलं सगळं चालता चालता, दर वेळी वेगळ्या शब्दांत, स्वतःला सांगून बघतो. याला वेळ लागतो. दोन दिवसांवर कार्यक्रम असताना "सर, काही युक्ती सांगा" म्हणून फोन करणाऱ्यांसाठी माझ्याकडे युक्ती नाही. छोटी कथा घ्या, एवढंच सांगेन.

दुसरी डोकेदुखी म्हणजे पात्रांचे आवाज. म्हातारी आली की घोगरा, मूल आलं की चिरका, आणि पाच पात्रं असली की सांगणारा मंचभर धावतो. राकुगो या जपानी कथाकथनाचं एखादं ध्वनिचित्रमुद्रण बघा. कलावंत गादीवर गुडघे मोडून बसलेला, हातात पंखा आणि एक कापड. मालक बोलताना मान एका बाजूला, नोकर बोलताना दुसऱ्या बाजूला. बस्स. त्यात पंख्याची कधी जेवायची काडी होते, कधी चिलीम. मी तर नवख्यांना पहिले काही महिने वेगळे आवाज काढूच देत नाही. मूल बोलतंय तर नजर वर, बाप बोलतोय तर नजर खाली, एवढ्यावर भागतं. नजरेची उंची मात्र मध्येच बदलू नका, नाहीतर मूल एका वाक्यात हातभर वाढतं.

आरशासमोर सराव करू नका. आरसा 'हूं' म्हणत नाही. कॅरिबियन बेटांवर कथेकरी 'क्रिक?' असं विचारतो आणि श्रोत्यांचं 'क्रॅक!' आल्यावरच पुढे सरकतो. एक माणूस समोर बसवा. त्याचा हुंकार कुठे मंदावतो ते बघा आणि तिथे कात्री लावा.

प्रस्तावना नको. लेखकाचं नाव सांगा आणि सुरू करा.

मागे संगीत वाजवायचा मोह आवरा. स्तब्धतेची भीती वाटते म्हणून ते लावलं जातं, हे ऐकणाऱ्याला कळतं.

"तर या कथेतून आपल्याला काय बोध मिळतो..." हे वाक्य ऐकलं की मी गुण कापतो.

आणि वेळ. पंधरा मिनिटं मिळाली असतील तर बाराची कथा बांधा. हशा, टाळ्या, उशिरा येणाऱ्यांची खुर्च्यांची खडखड यात तीन मिनिटं सहज जातात. घंटा वाजल्यावर शेवट उरकणारे दर स्पर्धेत असतात, आणि "शेवट तर भारी होता हो" असं नंतर चहाच्या टेबलापाशी येऊन सांगणारेही तेच.