वीज गेल्यावर येणारा राजकीय दावा कसा तपासावा

मोठ्या भूभागाची वीज गेली, की ती का गेली हे अभियंत्यांना उमगण्याआधीच ती कोणामुळे गेली हे राजकीय पक्षांनी जाहीर केलेले असते, आणि सौर व पवन ऊर्जेविषयी अनेकांचे मत याच पहिल्या एक-दोन दिवसांत पक्के होते. पुढे चौकशीचा अहवाल येतो तेव्हा तो वाचायला फारसे कोणी उरलेले नसते. असे दावे तपासण्यासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, मात्र काही प्रश्न न विसरता विचारावे लागतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उदाहरणावरून ते प्रश्न इथे मांडत आहे, कारण तिथला दावा, त्याची चौकशी आणि त्यानंतरचा कायदा हे सारेच जाहीर नोंदीत आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर कडाक्याच्या थंडीचे हिमवादळ आले. तिथले ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारे राज्यव्यापी जाळे, सांभाळणाऱ्या ‘एर्कॉट’ या संस्थेला सुमारे २०,००० मेगावॉटचे भारनियमन करावे लागले, ४५ लाखांहून अधिक लोक अंधारात आणि थंडीत राहिले, आणि राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. वीज परतलेली नसतानाच रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीवर पवन व सौर ऊर्जा बंद पडल्याने ही वेळ आल्याचे सांगितले आणि ‘ग्रीन न्यू डील’ (कोळसा, तेल आणि वायूऐवजी अक्षय ऊर्जेकडे वळण्याचा डेमोक्रॅटिक पक्षातील काहींचा प्रस्ताव) देशासाठी किती घातक ठरेल याचा हा पुरावा असल्याचे मत मांडले.

अशा वेळी सर्वांत आधी काळाचा क्रम लावून पाहावा. ज्या धोरणावर ठपका ठेवला जातो, ते त्या ठिकाणी त्या दिवशी लागू होते का? ‘ग्रीन न्यू डील’ हा २०१९ मध्ये अमेरिकी संसदेत मांडलेला ठराव होता आणि त्याचा कायदा कधीच झाला नव्हता. उलट टेक्सासमध्ये पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना १९९९ मध्ये झालेल्या कायद्यामुळे, आणि पश्चिम टेक्सासमधली ती वीज शहरांकडे आणणाऱ्या पारेषण वाहिन्या त्यांच्यानंतरचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या कारकिर्दीत उभारल्या गेल्या. हे दोघेही रिपब्लिकन होते. एखादे तंत्रज्ञान अमुक पक्षाचे, हा समज किती नवा आहे हे एवढ्या एका पडताळणीतून दिसते.

त्यानंतर दाव्यातला आकडा दाव्याशीच ताडून पाहावा. ॲबट यांनी त्याच मुलाखतीत पवन आणि सौर मिळून ग्रिडचा दहा टक्क्यांहून अधिक भाग असल्याचे सांगितले होते. मग उरलेल्या मोठ्या भागाचे त्या रात्री काय झाले, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात लगेच यायला हवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये संघीय नियामकांचा अहवाल आला तेव्हा त्याचे उत्तर मिळाले: टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत बंद किंवा अंशतः बंद पडलेल्या वीजनिर्मिती संचांपैकी निम्म्याहून अधिक नैसर्गिक वायूवर चालणारे होते. वायूच्या विहिरी आणि प्रक्रिया केंद्रे गोठली होती. त्यातच वायू पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रणांची वीज भारनियमनात तोडली गेली, कारण अत्यावश्यक ग्राहक म्हणून त्यांची नोंदच झालेली नव्हती. वायू नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून वायू नाही, अशा फेऱ्यात राज्य अडकले.

इथेच थांबून दुसऱ्या बाजूचाही दावा तपासणे आवश्यक आहे, आणि बहुतेक वाचक नेमके इथेच थकतात. पवनचक्क्यांचा काहीच दोष नव्हता, असे सांगणारेही त्या आठवड्यात पुष्कळ होते. प्रत्यक्षात त्याच अहवालात बंद पडलेल्या संचांपैकी पाव भागाहून थोडे अधिक संच पवन ऊर्जेचे होते. मात्र हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. स्थापित क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकते, आणि अपेक्षित उत्पादन म्हणजे त्या ऋतूत, त्या तासाला ते किती देईल असे नियोजनात धरले आहे. हिवाळ्याच्या नियोजनात पवन ऊर्जेकडून मुळात तिच्या स्थापित क्षमतेच्या मानाने बरीच कमी वीज धरलेली होती, तर वायू, कोळसा आणि अणुऊर्जा केंद्रांवर मुख्य भिस्त होती. म्हणून ‘इतके मेगावॉट बंद पडले’ असे कोणी म्हटले, की त्यांपैकी किती मेगावॉट त्या दिवशी अपेक्षित होते, हे विचारावे. ऊर्जेच्या चर्चेतला सर्वांत उपयोगी प्रश्न मला हाच वाटतो, आणि तो आपल्याला पटणाऱ्या बाजूलाही विचारता येतो.

छायाचित्रांच्या बाबतीत ठिकाण आणि वर्ष पाहावे. गोठलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टरमधून फवारणी होत असल्याचे जे छायाचित्र टेक्सासचे म्हणून फिरले, ते स्वीडनमधले आणि कित्येक वर्षांपूर्वीचे होते.

दोन्ही बाजूंकडे सत्याचा तुकडा असतो तेव्हा काय करावे, हे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणातून नीट कळते. २८ सप्टेंबर २०१६ रोजी तिथे वादळाने वीजवाहिन्यांचे वीसहून अधिक मनोरे कोसळले आणि संपूर्ण राज्याची वीज गेली. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी राज्यांच्या अवाजवी अक्षय ऊर्जा उद्दिष्टांकडे बोट दाखवले, तर राज्यातील मजूर पक्षाच्या सरकारने दोष वादळाचा असल्याचे सांगितले. मनोरे वादळानेच पाडले, हे खरे होते. परंतु विजेचा दाब (व्होल्टेज) लागोपाठ अनेकदा घसरल्यावर काही पवन प्रकल्पांनी आपल्या संरक्षक प्रणालीच्या सेटिंगमुळे उत्पादन अचानक कमी केले आणि त्यामुळे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याशी जोडणाऱ्या वाहिनीवर पेलवणार नाही इतका भार आला, हेही खरे होते. वारा अनियमित असणे हे कारण नव्हते. कारण एक सेटिंग होते आणि ते बदलता आले. ‘पवन ऊर्जा बेभरवशाची’ आणि ‘सगळा दोष वादळाचा’ या दोन्ही घोषणांमध्ये नेमकी ही दुरुस्त होणारी गोष्ट झाकली गेली होती. म्हणून दावा वाचताना त्यात दुरुस्तीची जागा दाखवली आहे का, हे शोधावे. ती नसेल, तर तो दावा मतदारासाठी केलेला आहे, ग्रिडसाठी नव्हे.

नेत्याचे वेगवेगळ्या श्रोत्यांसमोरचे बोलणेही शेजारी शेजारी ठेवून पाहावे. त्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत ॲबट यांनीच सर्व प्रकारच्या वीजनिर्मितीला फटका बसल्याचे मान्य केले. आणि बोलण्याहून अधिक वजन कायद्याला द्यावे: जून २०२१ मध्ये त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात वीज केंद्रे आणि महत्त्वाच्या वायू सुविधांना थंडीपासून संरक्षण देण्याची सक्ती होती. आजार कुठे होता, हे औषधावरून कळते.

महाराष्ट्रातही हे प्रश्न लागू पडतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री सायबर हल्ल्याविषयी बोलले, तर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. राज्यात महाविकास आघाडी होती आणि केंद्रात भाजप. प्रश्न इथे सौर किंवा पवन ऊर्जेचा नव्हता, तरी उत्तराची विभागणी सत्तेच्या रेषेवरच झाली.

यासाठी एक साधी वही ठेवावी. वीज गेली, की पहिल्या दिवशी कोणी काय म्हटले ते तारखेसह लिहावे, आणि आपल्याला त्यातले काय पटले तेही प्रामाणिकपणे लिहावे. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा अंतिम अहवाल सहा महिन्यांनी आला, टेक्सासचा नऊ महिन्यांनी. म्हणून त्या पानावर सहा महिन्यांनंतरची एक तारीख घालून ठेवावी आणि त्या दिवशी अहवालातली कारणे त्याच पानावर, जुन्या दाव्यांच्या शेजारी उतरवावीत.