पावसाळ्यातलं गजकर्ण मुळासकट कसं घालवायचं

लावणीच्या दिवसांत अंगावरचे कपडे भिजलेलेच राहतात, आणि जांघेत, कमरेला नाडी आवळते तिथे, स्तनांखाली गोल चट्टे उठतात. कडा लाल, उंच, खवलेदार. मधली कातडी मात्र बरी होत आल्यासारखी दिसते. हे गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी. पायाच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते त्या चिखल्या; त्यांतही बऱ्याचदा बुरशीच असते.

छोट्या चट्ट्याला १ टक्का क्लोट्रिमाझोलचं साधं मलम चालतं. जागा धुवा, पंचाने टिपून पूर्ण कोरडी करा, मग दिवसातून दोनदा लावा. बुरशी कडेलाच जोरात वाढते, म्हणून कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपासून सुरुवात करून आत या. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहा. खाज थांबली की ट्यूब कोनाड्यात जाते, आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं.

दुकानातून ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ती परत करा. ही स्टेरॉइडं आहेत. दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, बुरशी मात्र पसरत राहते, गोल आकार मोडल्याने डॉक्टरांनाही ओळखणं कठीण होतं. जांघेची कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. आधीच लावली असेल तर ट्यूब सोबत घेऊनच दवाखान्यात जा.

कपडे चुलीवरच्या वलणीवर वाळले तरी शिवणीत ओल राहते. आतले कपडे गरम पाण्यात धुवा आणि इलॅस्टिक-शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर उपचार एकदमच सुरू करा, नाहीतर ती फिरत राहते.

टाकळ्याची भाजी जरूर खा, पण चट्ट्यावर पाल्याचा लेप, लिंबू, लसूण नको. लसूण कातडी अक्षरशः भाजते.

डोक्यात किंवा नखांत असेल, चट्टे बरेच असतील, मधुमेह किंवा गरोदरपण असेल, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात आता आढळते, त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणू नका.

तान्ह्या बाळाच्या जांघेच्या घडीत लाली आणि भोवती बारीक लाल ठिपके असले तर ती बहुधा कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी. पावडर टाकू नका, लंगोट ओला झाला की लगेच बदला, थोडा वेळ उघडं ठेवा. मलम डॉक्टरांनी सांगितलेलंच.