गोव्यात हीटरशिवाय टँक ठेवताय? मासे आणताना या चुका टाळा

हीटर नाही म्हणजे थंड पाण्याचे मासे आणायचे, ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन चूक. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक गोल्डफिश नाहीतर व्हाइट क्लाउड मिनो शोधत फिरतात. तिकडे ते बरोबर आहे, त्यांच्या घरात पाणी १८-२० डिग्रीवर राहतं, पण पणजी-मडगावकडे मे महिन्यात टँकचं पाणी आरामात ३० ला जातं आणि रात्रीही धड उतरत नाही. त्यामुळे मासा निवडताना डिसेंबर सोडा, मे डोळ्यासमोर ठेवा.

गोल्डफिशचं नेमकं काय होतं ते सांगतो. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, आणि उकाड्यात त्या माशाला उलट ऑक्सिजन जास्त लागतो. त्यात तो खातो भरपूर, घाण करतो भरपूर, आणि आपण त्याला ठेवणार गोल काचेच्या भांड्यात! पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर भूक लागली समजून खाणं टाकू नका, एअर पंप लावा, थोडं पाणी बदला. वरून टेबल फॅन मारला तर पाणी एक-दोन डिग्री उतरतं, पण आपल्या दमट हवेत त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. बर्फाचे खडे तर अजिबात टाकू नका, एकदम झटका बसतो.

मग आणायचं काय? फायटर आणि गुरामी बेस्ट, दोघंही वर येऊन हवेतला श्वास घेतात त्यामुळे गरम पाण्यात तग धरतात (नर फायटर एका टँकमध्ये एकच, हे दुकानदार सांगेलच असं नाही). गप्पी, प्लॅटी चालतात. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातला, सहा-आठ एकत्र सोडा, तक्रार करणार नाही. निऑन टेट्रा मात्र ३० ला फार टिकत नाही, तसाच लाल-निळा हवा असेल तर कार्डिनल घ्या. आणि मे मध्ये पाणी गरम बघून कोणी डिस्कस आणायला निघाला तर थांबवा त्याला, डिस्कसला २८-३० बाराही महिने लागतं, जानेवारीत वाळपई-सांग्याकडे रात्री चांगलंच गार होतं, तिथे हीटर हवाच.

एसीच्या खोलीतला टँक हा वेगळाच घोळ. दिवसा ३०, रात्रभर एसी २२ वर, सकाळी परत ३०. टँक छोटा असेल तर पाणी रोज वरखाली होतं, मासे दमतात आणि मग अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. ठिपके गेले म्हणून औषध लगेच बंद करू नका, ठिपके करणारा परजीवी खालच्या वाळूत वाढून परत येतो. टँक हॉलमध्ये हलवा, हा खरा उपाय.

मॉली एका जागी उभी राहून नुसती थरथरत असेल तर लोक म्हणतात थंडी वाजते, आणि हीटर आणतात. आधी थर्मामीटर बघा. २६-२७ दाखवत असेल तर थंडीचा काही संबंध नाही, बहुतेक पाणी मऊ, म्हणजे खनिजं कमी असलेलं आहे. आपल्या जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मऊ आणि किंचित आंबट असतं, मॉलीला खनिजं असलेलं जड पाणी लागतं. तिसऱ्यांचे (बाजारात खायला मिळतात त्या) शिंपले उकळून, स्वच्छ घासून फिल्टरमध्ये मूठभर टाका, कॅल्शियम हळूहळू उतरतं. निऑन-कार्डिनलच्या टँकमध्ये हे करू नका, त्यांना मऊच आवडतं.

आणि पाणी बदलायचं ते सकाळी. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते तसंच नळाने टँकमध्ये सोडलं की संध्याकाळी मासे उलटे. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन काढायचे थेंबही टाका.